वॉट, अंश आणि युनिट

प्रोसेसर ‘फार गरम’ आहे असं म्हणणारी तीन माणसं एकत्र आली, तर तिघंही बहुधा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एकाने स्क्रीनच्या कोपऱ्यात ९५ अंशांचा आकडा पाहिलेला असतो. दुसऱ्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की हा प्रोसेसर अडीचशे वॉट खातो. तिसऱ्याच्या डोळ्यांपुढे महावितरणचं बिल असतं. अंश, वॉट आणि युनिट. तिघांचे आकडे खरे असूनही वाद तासभर रंगतो, कारण एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा काढता येत नाही. डेस्कटॉप प्रोसेसरची उष्णता, वीज आणि कूलिंग यांवरून गेली वीस-पंचवीस वर्षं जे भांडण चालू आहे, त्यातलं निम्मं या घोळापायी आहे. उरलेलं निम्मं मात्र खरं आहे, आणि हे पुस्तक त्याबद्दल आहे.

घोळ आधी निस्तरू. प्रोसेसर काही उचलत नाही की काही फिरवत नाही. त्याला दिलेली वीज जवळपास सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे दोनशे वॉट घेणारा प्रोसेसर हा खोलीत ठेवलेला दोनशे वॉटचा हीटरच. मग त्यावर पावसाचा अंदाज बांधणं चालू असो की गेम. उष्णता किती वेगाने तयार होतेय ते वॉट सांगतो. ती केवढ्याशा जागेत कोंडलीय आणि तिथून किती चटकन निघतेय, हे अंशांवरून कळतं. उदबत्तीच्या टोकाचं तापमान बंबातल्या पाण्याच्या कितीतरी पट असतं, पण उदबत्तीवर कोणी आंघोळीचं पाणी तापवत नाही. आणि युनिट म्हणजे वॉट किती तास चालले त्याचा हिशेब. हजार वॉट तासभर चालले की एक युनिट.

सप्टेंबर २०२२मध्ये एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स आला तेव्हा हा गोंधळ शिगेला पोचला. पूर्ण भार टाकला की हा प्रोसेसर थेट ९५ अंशांवर जाऊन बसायचा. लोकांनी महागडे लिक्विड कूलर लावले, तरी आकडा ९५च. पैसे पाण्यात गेले असं त्यांना वाटणं साहजिक होतं. कंपनीचं म्हणणं असं की हे मुद्दामच केलंय: ९५ ही मर्यादा आहे, आणि जोवर वाव आहे तोवर प्रोसेसर वेग वाढवत तिथपर्यंत जातो. चांगला कूलर लावला तर अंश उतरत नाहीत, वेग थोडा वाढतो. उत्तर बरोबर होतं, पण लोकांच्या गळी उतरलं नाही.

त्यात लोकांचीही सगळी चूक नव्हती. या प्रोसेसरचे सोळा कोअर दोन छोट्या चिपलेटवर वाटलेले आहेत, आणि प्रत्येक चिपलेट जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची, म्हणजे चौकोनी धरली तर बाजू नऊ मिलिमीटरसुद्धा नाही. पूर्ण सॉकेटला २३० वॉटपर्यंत परवानगी. शिवाय जुन्या सॉकेटचे कूलर नव्यावर बसावेत म्हणून वरचं धातूचं झाकण जाड ठेवलेलं. उष्णतेला एवढ्याशा जागेतून निघून एवढं झाकण ओलांडायचं, तर आत ती तुंबणारच. पुढच्याच महिन्यात इंटेलचा कोअर आय९-१३९००के आला. त्याची मर्यादा २५३ वॉट, पण चिप एकच आणि अडीचशे चौरस मिलिमीटरच्या आसपासची. यांत ‘जास्त गरम’ कोणता? खोलीला विचाराल तर दुसरा. उष्णतेच्या दाटीबद्दल विचाराल तर उत्तर तेच येईल असं नाही.

ही दाटी आली कुठून, हे कळायला १९७४पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह एक निबंध लिहिला. त्याचं सार असं: ट्रान्झिस्टर लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवत जा, मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगाने चालूनही त्या जागेला लागणारी वीज तेवढीच राहील. पुढची तीस वर्षं सगळा धंदा या हिशेबावर चालला. मात्र व्यवहारात व्होल्टेज दर वेळी तेवढं उतरवलं गेलं नाही, म्हणून वॉट हळूहळू चढत राहिले. ३८६ला हीटसिंक लागत नसे. ४८६च्या वरच्या मॉडेलांवर लहानसा हीटसिंक दिसू लागला. १९९३च्या पेंटियमबरोबर पंखा आला, आणि कॉम्प्युटर चालू केल्यावर घूं आवाज येतो ही गोष्ट घरोघर गृहीत धरली जाऊ लागली.

मग व्होल्टेज उतरायचं जवळजवळ थांबलं. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपते, आणि व्होल्टेज आणखी खाली न्यायचं तर ही गळती आवाक्याबाहेर जाते. खरी मेख इथे आहे. चिपला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या हिशेबाने चालतो. वेग दहा टक्के वाढवायचा आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के चढवावं लागलं, तर वीज दहा टक्के वाढत नाही, तेहतीस टक्के वाढते. या पुस्तकातलं एकच गणित लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पुढचे जवळपास सगळे वाद याच्याच पोटातून निघालेत.

इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी २००१मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती. चिपच्या दर चौरस सेंटिमीटरला निघणारी उष्णता याच चालीने वाढत राहिली, तर ती अणुभट्टी, रॉकेटचं नळकांडं आणि शेवटी सूर्याचा पृष्ठभाग यांच्या पंक्तीला जाऊन बसेल, असं ते म्हणाले. गंमत अशी की त्याच वेळी त्यांची कंपनी उलट दिशेने धावत होती. नोव्हेंबर २०००मध्ये आलेला पेंटियम ४ हा मुळात मोठा गिगाहर्ट्झ दाखवता यावा म्हणूनच रचलेला होता. फेब्रुवारी २००४मध्ये त्याची ‘प्रेस्कॉट’ ही आवृत्ती आली. १३०ऐवजी ९० नॅनोमीटर, म्हणजे ट्रान्झिस्टर लहान. जुन्या हिशेबाने ती थंड असायला हवी होती. पण आधीच्या आवृत्तीत वीस टप्प्यांची असलेली पाइपलाइन एकतीस टप्प्यांची झाली, गळती वाढली, आणि त्याच वेगाला ती आधीपेक्षा जास्त वीज खाऊ लागली. चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ची घोषणा आधीच झाली होती. ऑक्टोबर २००४मध्ये तो बेत रद्द झाला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत, अर्ध्या विनोदाने का होईना, गुडघा टेकून माफी मागितली.

इंटेलला यातून बाहेर काढलं ते इस्राएलमधल्या हायफाच्या गटाने. त्यांनी २००३मध्ये लॅपटॉपसाठी पेंटियम एम बनवला होता. लॅपटॉपमध्ये वीज उधळण्याची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक क्लॉकमध्ये जास्त काम काढण्यावर भर दिला होता. त्याच वळणाचा कोअर २ ड्युओ जुलै २००६मध्ये डेस्कटॉपवर आला. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा, ६५ वॉटचा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ला सहज मागे टाकत होता. गिगाहर्ट्झवरून प्रोसेसर विकत घ्यायची सवय त्या वर्षी मोडली. निदान मोडायला हवी होती. दुकानात आजही पहिला प्रश्न तोच असतो.

ॲपलनेही तेव्हाच हात पोळून घेतले होते. २००३मध्ये पॉवर मॅक जी५ दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात तीन गिगाहर्ट्झ देऊ असं सांगितलं. वर्षाने मिळाले अडीच, तेही लिक्विड कूलिंग लावून. लॅपटॉपमध्ये तर तो प्रोसेसर कधी बसलाच नाही. जून २००५मध्ये ॲपलने इंटेलकडे जाण्याची घोषणा केली, तेव्हा दिलेलं कारण होतं दर वॉटमागे मिळणारी कामगिरी.

या सगळ्या काळातली एक घटना मला बॅरेट यांच्या गुडघ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. सप्टेंबर २००१मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक छोटा व्हिडिओ प्रसिद्ध केला. चालू कॉम्प्युटर, त्यावर क्वेक ३ हा गेम, आणि तशा चालत्या गाड्याचा हीटसिंक काढून घ्यायचा. पेंटियम ३ जागच्या जागी गोठला, पण जगला. पेंटियम ४ गोठलासुद्धा नाही. गेम रखडत रखडत चालू राहिला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा पळू लागला. एएमडीच्या ॲथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला आणि तो संपला. त्या चित्रफितीवर रान उठलं. चालत्या कॉम्प्युटरचा हीटसिंक कोण काढतो, हा एएमडीच्या बाजूने होणारा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण पंखा बंद पडतो, क्लिप तुटते, पार्सलमध्ये कूलर सुटून येतो, हेही खरंच होतं. पेंटियम ४ने तिथे जे केलं, म्हणजे तापल्यावर स्वतःच वेग उतरवणं, ते आज प्रत्येक प्रोसेसर करतो.

या सोयीचे परिणाम दूरवर गेले. प्रोसेसर स्वतःचा जीव स्वतः सांभाळतो म्हटल्यावर बनवणाऱ्यांना मर्यादेच्या काठापर्यंत जायची हिंमत आली. पूर्वी ओव्हरक्लॉकिंग हा हौशी लोकांचा उद्योग होता. तीनशे रुपयांची थर्मल पेस्ट आणि रात्रभराचं जागरण यांच्या जोरावर ते दहा-पंधरा टक्के वेग पदरात पाडून घेत. आता तो उद्योग कारखान्यातच उरकला जातो. बेंचमार्कच्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा दोन टक्के वर दिसायचं म्हणून शेवटचे शंभर वॉट ओतले जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मघाच्याच ७९५०एक्सला बायोसमधून इको मोड लावला की सॉकेटची मर्यादा २३०वरून ८८ वॉटवर येते, आणि सगळे कोअर राबवणाऱ्या चाचण्यांतही साधारण पाचातले चार हिस्से काम टिकून राहतं. या प्रोसेसरला ‘तापट’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. त्याला तसं वागायला लावलेलं आहे, आणि ते बदलण्याची किल्ली मालकाच्या हातात आहे. बहुतेक मालक ती कधी फिरवत नाहीत, एवढंच.

मग खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा काय सांगतो? टीडीपी या तीन अक्षरांवरून जेवढी शाई सांडली तेवढी दुसऱ्या कशावरून सांडली नसेल. ऑक्टोबर २०१८मध्ये आलेल्या कोअर आय९-९९००केवर ९५ वॉट लिहिलेलं होतं, पण बऱ्याच मदरबोर्डनी वेळेची आणि विजेची मर्यादा परस्पर उठवून ठेवलेली असल्यामुळे तो पूर्ण भारात दीडशेच्या पुढे सहज जायचा. ९५ हा मूळ वेगाचा आकडा होता, टर्बोचा नव्हे. इंटेलने २०२१पासून एकाऐवजी दोन आकडे छापायला सुरुवात केली, हे बरं झालं.

एएमडीचा आकडा जास्त मजेशीर आहे. तो मोजलेला नसून सूत्रातून काढलेला असतो: झाकणाचं कमाल तापमान, त्यातून आसपासच्या हवेचं तापमान वजा, आणि भागिले कूलरचा उष्णतारोध. रायझन ७ २७००एक्सचं उदाहरण घ्या. ६१.८ वजा ४२ म्हणजे १९.८, त्याला ०.१८९ने भागलं की १०४.८. खोक्यावर छापलं १०५ वॉट. प्रत्यक्षात त्या सॉकेटची मर्यादा १४२ वॉटची होती. सूत्र खोटं नाही, पण त्यातली प्रत्येक संख्या कंपनीनेच ठरवायची, म्हणजे हवं ते उत्तर आधी लिहून मग गणित मांडता येतं. माझी नजर मात्र त्या ४२वर अडकते. पंख्यापाशी, कॅबिनेटच्या आत हवा ४२ अंशांची असेल असं तिथे धरलंय. एसी नसलेल्या खोलीत, मे महिन्यात, अकोल्याला किंवा चंद्रपूरला बाहेरचीच हवा ४२च्या वर असते, आणि कॅबिनेटच्या आत ती आणखी चढते.

कूलर कोणताही घ्या, तो फरकावर चालतो. खोली दहा अंशांनी तापली की त्याच भाराला प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. परदेशी परीक्षणं वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. तिथला आकडा आपल्याकडे आणताना मधला फरक मिळवायचा, हे साधं काम कोणी करत नाही. लिक्विड कूलर घेतल्यानेही ही अडचण सुटत नाही. त्यातलं पाणी उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, आणि रेडिएटर ती त्याच खोलीच्या हवेत टाकतो. खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. मोठा एअर कूलर बहुतेकांना पुरतो, त्याला पंप नसतो आणि गळतीची भीती नसते. हे माझं मत आहे. पुढच्या प्रकरणांतले आकडे पाहून वाचकांनी त्याच्याशी भांडावं.

तक्रार घेऊन आलेल्या दहातल्या किती कॉम्प्युटरांना खरोखर नवा कूलर लागतो, हे दुरुस्तीच्या टेबलाशी बसलेल्याला विचारा. इंटेलच्या खोक्यात मिळणाऱ्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने, टक्कन आवाज येईपर्यंत दाबायच्या. एक अर्धवट राहिली की कूलर एका बाजूला हलकासा उचललेला राहतो, वरून काहीच दिसत नाही, आणि बायोसमध्येच आकडा ऐंशीच्या पुढे पळतो. कूलरच्या बुडाला लावलेला पारदर्शक कागद न काढताच तो बसवल्याचे नमुनेही कमी नाहीत. जुन्या मशीनमध्ये पंखा काढला की हीटसिंकच्या पात्यांवर धुळीची गादी निघते, वाटलं तर सोलून काढावी अशी अखंड. ती ब्रशने सैल करून ब्लोअर मारायचा, मात्र तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. सुकलेली पेस्ट पुसून नवी लावायची. एवढ्यावर पंधरा-वीस अंश उतरताना दिसतात, आणि वॉट तेवढेच राहतात.

बिलाचा वाद मात्र वेगळ्याच वाटेने जातो. त्यात पूर्ण भाराच्या आकड्यांना फाजील महत्त्व मिळतं. कॉम्प्युटर दिवसातला बराच वेळ रिकामा असतो: समोर एक्सेलची शीट उघडी आणि माणूस फोनवर. चिपलेटवाल्या प्रोसेसरमध्ये जोडणीचा भाग रिकाम्या वेळीही थोडी वीज घेत राहतो, आणि एकसंध चिप तिथे बाजी मारते. समजा, हा फरक वीस वॉटचा आहे. रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे चार युनिट. उलट पूर्ण भाराला दीडशे वॉटचा फरक असला, पण तो भार रोज तासभरच असला, तर महिन्याला पावणेचार युनिट. म्हणजे फिटंफाट. दिवसभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि टॅली चालवणाऱ्याचा वेगळा. खोलीला एसी असेल तर ही उष्णता बाहेर फेकायला आणखी वीज लागते, ती साधारण तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी धरायला हरकत नाही.

उष्णतेने प्रोसेसर मरतो का, या जुन्या प्रश्नाला २०२४ने नवं वळण दिलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. गेम बंद पडत, एरर येत. पहिला संशय अर्थातच वॉट आणि अंशांवर गेला. शेवटी इंटेलने जे कारण दिलं, त्यात कोअरच्या आतल्या क्लॉकच्या सर्किटचं अकाली झिजणं होतं, आणि ते वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांच्या जोडीने होत होतं. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. त्यातली सप्टेंबरची दुरुस्ती रिकाम्या किंवा हलक्या भाराच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी होती. हलक्या भाराला अंश कमीच दिसतात, त्यामुळे नुसत्या तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवून बसलेल्याला यातलं काही कळणं शक्य नव्हतं.

ग्राफिक्स कार्ड या पुस्तकात मुद्दाम घेतलेलं नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॉटपर्यंत जातं, आणि ज्याच्या कॅबिनेटमध्ये ते बसलंय त्याने प्रोसेसरच्या वीस वॉटवरून जीव टाकू नये. ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी थेट मोजणीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. फक्त सॉफ्टवेअरने दाखवलेले वॉट आणि भिंतीच्या प्लगवर मीटर लावून घेतलेले वॉट एकाच रकान्यात लिहू नका. प्लगवरच्या आकड्यात मॉनिटर सोडून सगळं येतं: एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज, मदरबोर्ड, रॅम, पंखे. बिल त्यावर येतं. कूलर निवडायला मात्र पहिला आकडा लागतो.